भिंतीकडची बाकी

युरिया विरघळला की पाणी गार होतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. ऑगस्टमध्ये दादाकडे शेतावर गेले होते. सोयाबीनवर फवारणी चालली होती. दादा युरिया आधी लहान बादलीत थोड्या पाण्यात विरघळवून घेतो आणि मग ते पाणी पंपात ओततो. मी हौसेनं काठी हातात घेतली. ढवळता ढवळता बादलीला बाहेरून हात लागला, तर बादली फ्रीजमधून काढल्यासारखी गार, अंगावर दव धरलेली. टाकीतल्या पाण्यात हात घालून पाहिला, ते कोमट होतं. पाणी तेच, ऊन तेच. मुलगी बारावी सायन्सला आहे. ती बांधावरून म्हणाली, "आई, एंडोथर्मिक आहे ते. डेल्टा एच पॉझिटिव्ह." मी विचारलं, "गार झालं म्हणजे काहीतरी कमी झालं ना? मग पॉझिटिव्ह कसं?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "तसंच असतं. परीक्षेत तसंच लिहायचं."

मी बावीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. अधिक का आणि वजा का हे कळलं नाही, तर मी ती नोंद पुढे जाऊ देत नाही. दहावीनंतर माझा विज्ञानाशी संबंध सुटला होता. कॉमर्स घेतलं, तेही मराठीतून. तरी त्या रात्री मुलीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. चौथा धडा, उष्मागतिकीचा. पहिल्या पानावरच्या इंग्रजीत मी तीनदा अडकले. शेवटी शेजारच्या मुलाचं दहावीचं मराठी पुस्तक मागून आणलं. त्यात दोन शब्द सापडले, उष्मादायी आणि उष्माग्राही. उष्णता देणारी अभिक्रिया आणि उष्णता घेणारी अभिक्रिया. मुलगी वर्षभर इंग्रजीतून पाठ करत होती ते शब्द मराठीत स्वतःच स्वतःचा अर्थ सांगत होते. फक्त कोण देतं आणि कुणाकडून घेतं, हे त्यात नव्हतं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. संकोच बाजूला ठेवून त्यांच्याकडे गेले. प्रश्न ऐकून त्यांनी मलाच विचारलं, "ताई, पाण्याला उकळी आली आहे. गॅस मोठा केला तर पाणी आणखी तापेल का?" मी लगेच हो म्हटलं. पंचवीस वर्षं मी डाळ तशीच शिजवत आले आहे, उकळी आली तरी गॅस मोठा. सर म्हणाले, "उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांवर थांबतं. पुढची सगळी उष्णता वाफ होण्यात जाते." एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात आणि तेवढ्याच पाण्याची वाफ करायला २,२५७, जवळजवळ सातपट. आणि इतकं घेऊनही थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही. म्हणजे तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. इतकी वर्षं मी ते दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत होते.

मग सरांनी कागदावर एक चौकोन काढला. चौकोनाच्या आत सिस्टिम, बाहेर सभोवताल. मी वहीत 'आतलं' आणि 'बाहेरचं' असं लिहून घेतलं. सर म्हणाले, "डेल्टा एच ही आतल्याच्या वहीतली नोंद आहे. तुम्ही बादलीला हात लावून बाहेरच्याची अवस्था बघताय." हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. खातेदारानं पाचशे रुपये भरले, तर त्याच्या खिशातून पाचशे गेले आणि आमच्या तिजोरीत पाचशे आले. व्यवहार एकच, पण वही कुणाची आहे हे पाहिल्याशिवाय अधिक-वजा लिहिता येत नाही. युरियानं विरघळताना उष्णता घेतली, म्हणून त्याच्या वहीत अधिक. ज्याच्याकडून घेतली ते पाणी गार झालं.

पण घरी येईपर्यंत दुसरी शंका आली. युरिया तर पाण्यातच मिसळलेला. मग पाणी चौकोनाच्या आत की बाहेर? दुसऱ्या दिवशी हे विचारलं, तेव्हा सर खूश झाले. म्हणाले, आत-बाहेरच्या घोळात अडकायचं नसेल तर असं धरा: द्रावण गार झालं, ते सुरुवातीच्या तापमानाला परत यायला बाहेरून जेवढी उष्णता आत यावी लागेल, तेवढी त्या विरघळण्याची एन्थॅल्पी, म्हणजेच तो डेल्टा एच. टेबलावर ठेवलेला गार पेला तासाभरात खोलीच्या तापमानाला येतो. त्या तासाभरात तो खोलीकडून जे घेतो, तोच पुस्तकातला आकडा.

हे आपल्याला मोजता येईल का, असं मी विचारलं आणि येईल म्हटल्यावर रविवारी बसले. घरात ताप मोजायचा थर्मामीटर होता. तो पेल्यात बुडवला, तर पडद्यावर नुसतं 'लो'. तो थर्मामीटर माणसाच्या तापासाठी असतो. बत्तीस-पस्तिसाच्या खालचं त्याला सांगताच येत नाही, हे मुलीनं सांगितलं. शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून काचेचा, उणे १० ते ११० अंशांचा थर्मामीटर आणला. दादाकडून पिशवीभर युरिया आणला होता. दागिन्यांसाठी म्हणून घेतलेला छोटा वजनकाटा होता, त्यावर ३० ग्रॅम युरिया मोजला. युरियाचा एक मोल म्हणजे ६० ग्रॅम, म्हणून ३० म्हणजे बरोबर अर्धा. मोल म्हणजे काय, हे मी डझनासारखं मोजायचं माप एवढंच समजून पुढे गेले. तेवढ्यानं काम भागलं.

स्टीलच्या पेल्यात १०० ग्रॅम पाणी, तापमान २८. युरिया ओतला, चमच्यानं ढवळलं. काचेच्या नळीतली लाल रेघ डोळ्यांदेखत खाली सरकायला लागली. २६, २३, २०. पेल्याच्या बाहेर आधी धुकं आलं, मग थेंब. रेघ १७ वर थांबली. ११ अंश उतरली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बर्फाशिवाय, फ्रीजशिवाय. मी दोनदा चष्मा पुसून आकडा वाचला.

हिशेब मात्र चुकला. सूत्र साधं आहे: वजन, गुणिले विशिष्ट उष्माधारकता, गुणिले तापमानातला फरक. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८, म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल. मी १०० गुणिले ४.१८ गुणिले ११ केलं, अर्ध्या मोलाचं म्हणून दुप्पट केलं आणि ९,१९६ किलोज्यूल असं लिहून ते मुलीला दाखवलं. पुस्तकातला आकडा सुमारे १५ आहे. ती वहीकडे बघत राहिली. "आई, एवढ्यात तर शून्य अंशावरच्या सत्तावीस किलो पाण्याचा बर्फ होईल." मी ज्यूलच्या जागी किलोज्यूल लिहिलं होतं. पैशांच्या रकान्यात रुपये लिहिल्यासारखं, तेही हजारपट. कामावर हे झालं असतं तर ती चूक मी दुसऱ्या कुणाची माफ केली नसती.

दुसरी चूक सरांनी काढली. गार काय झालं? नुसतं पाणी की सगळं द्रावण? सगळं. मग वजन १३० ग्रॅम धरायला हवं. तसं केल्यावर एका मोलाला १२ किलोज्यूल आले. उरलेले तीन कुठे गेले? पेल्याबाहेरच्या थेंबांकडे बोट दाखवून सर म्हणाले, हवेतली वाफ पेल्यावर पाणी होताना उष्णता सोडते आणि ती स्टीलमधून सरळ आत शिरते. शिवाय स्टील स्वतः गार झालं, त्याचाही हिशेब धरलेला नाही. उष्णता आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या भांड्याला कॅलरीमापी म्हणतात. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात बर्फाचा कॅलरीमापी वापरला होता. वस्तू बर्फाच्या वेढ्यात ठेवायची आणि किती पाणी वितळून आलं ते तोलायचं. थर्माकोलच्या पेल्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून मी कागदी पेले एकात एक घातले आणि वर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला. या वेळी रेघ १५.५ पर्यंत उतरली. गुणाकार केला. १३.६ किलोज्यूल. द्रावणाची उष्माधारकता नेमकी पाण्याइतकी नसते, तेव्हा याहून जवळ जायचा हट्ट धरू नका, असं सर म्हणाले. मी मात्र त्या आकड्याखाली रेघ मारून तारीख घातली. विज्ञानातला एखादा आकडा मी स्वतः काढण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

आता मूळ शब्दाकडे आले. एन्थॅल्पी. तापवणं अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो बनला आहे. लायडनचे डच शास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ऑनेस यांना त्याचं श्रेय देतात. १९०८ साली हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला ते हेच. मी वहीत मराठी केलं, 'आतली ऊब'. सरांनी ते खोडलं नाही, पण बर्फालाही एन्थॅल्पी असते एवढं सांगितलं. मग नीट व्याख्या वाचली: पदार्थाची अंतर्गत ऊर्जा, अधिक दाब गुणिले आकारमान. पहिला भाग समजण्यासारखा आहे: रेणूंची धावपळ, त्यांच्यातली ओढ, सगळं मिळून. दाब आणि आकारमान कशाला हवं? कारण, सर म्हणाले, आपण उघड्यावर राहतो. अभिक्रियेत वायू तयार झाला तर त्याला जागा हवी आणि ती जागा हवेनं आधीच व्यापलेली आहे. हवेला मागे रेटायला ऊर्जा खर्च होते. २५ अंशांना एक मोल वायूसाठी तो खर्च सुमारे अडीच किलोज्यूल आहे. तो धरून ठेवणारी राशी म्हणजे एन्थॅल्पी. म्हणून उघड्या भांड्यात, कायम दाबाखाली, जेवढी उष्णता आत आली किंवा बाहेर गेली तेवढाच एन्थॅल्पीतला बदल. माझ्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जागेचं भाडं आधीच धरलेलं खातं.

मग मी विचारलं, एका पेलाभर पाण्याची एन्थॅल्पी किती? सरांनी मान हलवली. ती एकूण कुणालाच मोजता येत नाही; मोजता येतो तो फक्त फरक. मला हे पटायला दोन दिवस लागले. शिल्लक रक्कम माहीत नाही आणि तरी खातं चालतं? पण पासबुकाचा शिल्लक रकाना फाटला तरी किती भरले आणि किती काढले हे कळतंच. आणि डोंगराची उंची आपण पृथ्वीच्या पोटापासून कुठे मोजतो? समुद्रसपाटी शून्य धरतो. रसायनशास्त्रानंही तसा शून्य ठरवला आहे: २५ अंशांना आणि प्रमाण दाबाला मूलद्रव्य ज्या रूपात सगळ्यात स्थिर असतं, त्याची निर्मितीची एन्थॅल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून पदार्थ बनताना पडणारा फरक, शून्य. कार्बनचा शून्य मिळाला तो ग्रॅफाइटला, पेन्सिलीतल्या शिशाला. हिरा त्याच्या १.९ किलोज्यूल वर आहे. मी हिऱ्याचा शून्य धरून एक अख्खं गणित सोडवलं होतं.

माझा सगळ्यात जुना आणि घट्ट गैरसमज बंधांचा निघाला. मला वाटायचं, गॅसच्या आत उष्णता दाबून भरलेली असते. रेणू फोडला की ती बाहेर येते, नारळ फोडल्यावर पाणी यावं तशी. मुलीनं हायड्रोजन आणि क्लोरीनचं गणित दिलं. हायड्रोजनचा बंध ४३६ किलोज्यूलचा, क्लोरीनचा २४२चा, आणि तयार होणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडचा ४३१चा, असे दोन. मी फोडलेले बंध जमेला धरले, जोडलेले खर्चाला. उत्तर अधिक १८४. म्हणजे ही अभिक्रिया उष्णता घेते? प्रत्यक्षात तर ती ठिणगीनं स्फोटासारखी होते. मुलगी शांतपणे म्हणाली, "उलट आहे, आई. तोडायला ऊर्जा द्यावी लागते. जुळताना ती मिळते." ६७८ खर्च, ८६२ जमा, फरक वजा १८४. मी पेन खाली ठेवलं. कुठलाही बंध तुटताना उष्णता देत नाही. चुलीतली, शेगडीतली, आपल्या अंगातली सगळी ऊब नव्यानं काहीतरी जुळण्याची आहे. आधीचं तुटण्यात जो खर्च झाला तो भागवून उरलेली. काडेपेटीची काडी ओढावी लागते ती याचसाठी. सुरुवातीचा खर्च कुणीतरी उचलल्याशिवाय पुढची जमा सुरू होत नाही; त्या पहिल्या उंचवट्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. सेहेचाळीस वर्षं मी विस्तवाकडे उलटं बघत होते.

त्याच आठवड्यात सकाळी चहाचं गार पातेलं गॅसवर ठेवलं, तर बुडाला आणि बाजूला क्षणभर धुकं धरलं, दोन थेंब ओघळले आणि दहा सेकंदांत सगळं वाळलं. हे मी रोज बघते. पातेलं नीट पुसलं नव्हतं असं समजते. त्या दिवशी थांबले. पातेलं कोरडं होतं. ते पाणी ज्योतीचं होतं. प्रोपेन आणि ब्यूटेन जळताना पाण्याची वाफ होते आणि गार धातूवर ती पाणी होऊन बसते. पुस्तकात पाण्याच्या निर्मितीचे दोन आकडे होते, वजा २८५.८ आणि वजा २४१.८. मी त्यातला एक छपाईची चूक समजून सोडून दिला होता. समीकरणात पाण्यापुढे कंसात जे अक्षर असतं ते द्रव की वायू हे सांगतं आणि फरक असतो ४४ किलोज्यूलचा. वाफेचं पाणी होताना जे मिळतं ते. कंसातल्या त्या अक्षराकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

यापुढचा भाग हेसचा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. जर्मेन हेस जिनिव्हात १८०२ साली जन्मले आणि सेंट पीटर्सबर्गला काम करत होते. सल्फ्युरिक आम्लात आधी कमी-जास्त पाणी घालायचं, मग अमोनियानं त्याचं उदासिनीकरण करायचं आणि दोन्ही वेळची उष्णता मोजायची, असे प्रयोग त्यांनी केले. पाणी घालताना जास्त उष्णता निघाली तर नंतर तेवढी कमी निघायची, बेरीज तीच. १८४० साली त्यांनी हा नियम मांडला. ऊर्जा नष्ट होत नाही हे मायर आणि ज्यूल यांनी सांगायच्या आधीची ही गोष्ट. वाट कुठलीही घ्या, निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण तेच असेल तर एकूण फरक तोच. आणि म्हणून जे मोजता येत नाही तेही काढता येतं. कोळसा जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड करायचा म्हटलं तर तो तिथेच थांबत नाही, थोडा पुढे जळतोच. पण कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होताना ३९३.५ सुटतात आणि मोनॉक्साइडचा होताना २८३. वजाबाकी करा, ११०.५. मी ही वजाबाकी केली तेव्हा चिन्हं पहिल्यांदाच न चुकता आली.

दिवाळीच्या आधी पुन्हा गावी गेलो. घराला आता डिस्टेंपर असतो, पण देवघराच्या जुन्या मातीच्या भिंतीला दादा अजून चुनाच देतो. लहानपणी हे काम आजोबांचं होतं. परसात लोखंडी पिंप, त्यात कळीच्या चुन्याचे पांढरे खडे. आजोबा आम्हाला ओसरीवर उभं करायचे आणि पायरी उतरू द्यायचे नाहीत. डोळ्यात शिंतोडा गेला तर डोळा जातो. मग ते लांब दांड्याच्या भांड्यानं पाणी ओतायचे. क्षणभर काहीच नाही. मग आतून फसफस, खडे तडकायचे, फुलायचे, आणि पिंप खदखदून उकळायला लागायचं. खाली जाळ नाही, काटकी नाही. ओल्या मातीसारखा, पण घशाला लागणारा वास यायचा. पुढे चार दिवस चुना झाकून मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, निळीची पुरचुंडी फिरवायची, डिंकाचं पाणी घालायचं. आग कुठे आहे, असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "भट्टीतली आहे. खड्यात बसून आली." मला ती लहान मुलांना सांगायची गोष्ट वाटली होती.

या वेळी माझ्याकडे निर्मितीच्या एन्थॅल्पींचा तक्ता होता. ओसरीवर बसून चुन्याचं खातं मांडलं. मुलगी शेजारी बसली. भट्टीत चुनखडी भाजतात, नऊशे अंशांच्या आसपास. शंभर ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. चुनखडी वजा १२०६.९, कळीचा चुना वजा ६३५.१, कार्बन डायऑक्साइड वजा ३९३.५. फरक अधिक १७८.३ किलोज्यूल. एवढं भट्टीच्या जळणानं भरलं. आकडे २५ अंशांचे, मग नऊशे अंशांच्या भट्टीला कसे लागू, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, तापवायला दिलेलं गार होताना परत मिळतं. सुरुवात २५ला, शेवट २५ला, मधली वाट कशीही. हेसचा नियम तिनं मला पहिल्यांदा पुस्तकाबाहेर सांगितला.

मग पिंप. कळीचा चुना अधिक पाणी, त्याचा विरलेला चुना. विरलेला चुना वजा ९८६.१, पाणी वजा २८५.८. फरक वजा ६५.२. एक किलो खड्यांना हे साडेअकराशे किलोज्यूलच्या वर जातं. काहीच वाया गेलं नाही, तर साडेतीन लिटरहून जास्त पाण्याला २८ अंशांवरून उकळी आणायला पुरेल एवढं. आजोबांचं पिंप का खदखदायचं ते वहीत उतरलं. पण ताळा जमेना. भट्टीत १७८.३ भरले, पिंपात ६५.२ परत मिळाले. ११३.१ कमी. मी दोनदा बेरीज तपासली. आजोबांनी सांगितलेलं अर्धंच खरं, असं मनात आलं.

मुलगी उठून आत गेली आणि देवघराच्या भिंतीवर तिनं हात ठेवला. "आई, इथलं राहिलं." भिंतीवर दिलेला विरलेला चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, घट्ट, न पुसला जाणारा. घाईघाईनं आकडे लिहिले. विरलेला चुना आणि कार्बन डायऑक्साइड एका बाजूला, चुनखडी आणि पाणी दुसऱ्या बाजूला. फरक वजा ११३.१. पॉइंटपर्यंत जुळलं. पिंपात ओतलेलं पाणीही भिंतीतून हवेत परत जातं. नव्या चुन्याच्या खोलीत लगेच झोपू नका, ओल असते, असं आजी म्हणायची, त्या ओलीत याचाही एक लहानसा वाटा असणार. जी चुनखडी कुणीतरी डोंगरातून खणून काढली तीच देवघरात भिंत होऊन परत आली होती. भट्टीनं दिलेलं तिनं दोन हप्त्यांत फेडलं होतं, पहिला आजोबांच्या पिंपात आणि दुसरा या भिंतीत.

दादानं कालच नवा हात दिला होता. मी काचेचा थर्मामीटर भिंतीला टेकवून धरला आणि पाच मिनिटं थांबले. २४ अंश. ओसरीवरच्या हवेतही २४. आठवड्यांवर पसरलेली उष्णता माझ्या थर्मामीटरला कळणार नव्हती. मी वहीत तिसरी नोंद लिहिली, पुढे 'भिंतीकडून येणे, चालू' असं मांडलं आणि दादाला विचारलं की कळीचे खडे थोडे उरले आहेत का.